चेन सायकलला असते : झाशी ते टहरौली, जुन्या गाडीतून

गाडीच्या इंजिनातून येणारा आवाज नुसता आवाज न राहता तक्रार कधी होतो? मला याचं उत्तर देता येत नाही. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आवाजाची वारंवारता मला काढता येते, पण हा प्रश्न त्या पुस्तकातला नाही. आणि आमच्या घरात तर तो कुणाला कधी पडलाच नव्हता.

आम्ही झाशीला नगऱ्यात राहतो, रुळांच्या अगदी जवळ. मालगाडी आली की बोलणं थांबवायचं आणि ती गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही आमची घरची रीत. नव्या पाहुण्याला माझ्या नावातलं 'कां' आधी कळतं आणि 'चन' मालगाडी गेल्यावर. बाबा भुसावळहून बदलीवर इथे आले, डिझेल शेडमध्ये फिटर होते आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांचा साधा हिशेब असा, की आवाज येतोय म्हणजे काम चालू आहे. काळजी करायची ती आवाज थांबल्यावर.

निवृत्तीनंतर त्यांनी बडा बाजारातल्या एका कापडवाल्याकडून जुनी पेट्रोल गाडी घेतली. रंग मूळचा लाल असावा. कापडवाला प्रामाणिकपणे म्हणाला होता, "ठंड में सुबह-सुबह थोडा खाँसती है कोलते जी, फिर दिनभर चुप." बाबांना हे फारच आवडलं. सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून खडखडखड असा आवाज यायचा, डब्यात कुणी खिळे हलवावेत तसा. थोड्या वेळाने थांबायचा. बाबा खूश होऊन म्हणायचे, "जाग आली बघ हिला."

आता प्रवास का केला ते सांगते. मला टहरौलीला मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. टहरौली आमच्याच झाशी जिल्ह्यात आहे, पूर्वेला, शेतीचं छोटं गाव. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि रेल्वेबाहेर नोकरी करणारीही पहिलीच. खेड्यातल्या मुलींना प्रयोग हाताने करायला लावायचे, फळ्यावरचा विजेचा दिवा खरोखर पेटवून दाखवायचा, असं मी कॉलेजात असल्यापासून ठरवलं होतं. त्यामुळे मी आनंदात होते. घरी मात्र एकाच गोष्टीवर सगळं अडलं.

"तिथे स्टेशन नाही?" आई म्हणाली. "मग तिथले लोक येतात-जातात कसे?"

"बसने."

"सगळे?"

जिथे गाडी थांबत नाही त्या गावात आमच्या घराण्यातलं कुणी राहिलेलं नाही. मी तिथे खोली घेऊन राहीन म्हटलं. बाबा म्हणाले, खोली कशाला, घरात गाडी आहे, रोज सकाळी सोडीन आणि दुपारी आणीन. मग एक तह झाला. एका शनिवारी तिघांनी गाडीने टहरौलीला जाऊन यायचं. गाडीने नीट नेऊन आणलं तर मी घरीच राहणार आणि बाबा रोज सोडणार. गाडीला जमलं नाही तर मी तिथे खोली घेणार. त्या शनिवारी परीक्षा कापडवाल्याच्या लाल गाडीची होती आणि निकाल माझा लागणार होता.

इथे माझी पंचाईत झाली. मला तो खडखडाट ऐकून शंका आली होती, म्हणून मी बरंच वाचलं. अशा इंजिनात आत एक साखळी असते, टायमिंग चेन. खालचा दांडा फिरला की वरचे व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडायचं-मिटायचं काम ती करते. तिला ताणून धरायला टेन्शनर म्हणून एक छोटा दट्ट्या असतो आणि तो इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. चेन जुनी होऊन लांबली, किंवा दट्ट्यापर्यंत तेल वेळेवर पोहोचलं नाही, की सुरू करताना चेन आतल्या भिंतीवर आपटते. तोच खडखडाट. मी हे बाबांना नीट समजावून सांगितलं.

"चेन सायकलला असते," बाबा म्हणाले. "आमच्या लोकोत आख्खे गिअर असतात. इंजिनात कुठली आलीय चेन?"

"चेन डब्यात असते," आई आतून म्हणाली. "ओढली की दंड."

"बाबा, या गाडीत आहे. आधी मिस्त्रीला दाखवू, मग जाऊ."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "तुला तिकडे राहायचंय ना, म्हणून गाडीला खोकला झालाय. समजतं हो मला."

आणि हेच तर खरं दुःख होतं. गाडी बिघडण्यात माझा फायदा होता, त्यामुळे ती बिघडली आहे हे सांगणारी मी एकटी, आणि माझ्यावरच विश्वास नाही. गप्प बसले असते तर इंजिन गेलं असतं आणि खोली मिळाली असती. पण बाबांनी ती गाडी ज्या प्रेमाने पुसलेली मी पाहिली होती, त्यानंतर गप्प बसणं मला जमणार नव्हतं. मी रोज सांगत राहिले आणि रोज नाटकी ठरत राहिले.

बाबांनी एक गोष्ट मात्र केली. "तुझ्या समाधानासाठी तेल बदललं," म्हणाले. स्वतः गाडीखाली सरकून त्यांनी जुनं तेल काढलं आणि नवं घातलं. मी विचारलं कुठलं, तर म्हणाले, "चांगलं घट्ट आणलंय. शेडमध्ये आम्ही इंजिनांना असंच पाजायचो. पातळ पाण्याने कुठे ताकद येते?" मी डब्यावरचा आकडा वाचायला गेले तोवर त्या डब्यात आईने कोरफड लावली होती.

शनिवार उजाडला. जानेवारीचं धुकं होतं. ज्यांना हाच रस्ता करायचा आहे त्यांनी धुकं विरल्यावरच निघा. आम्ही नाही थांबलो, कारण बाबांनी सुटायची वेळ जाहीर केली होती आणि ती टळणं शक्य नव्हतं. आई आणि मी सुटायच्या कितीतरी आधी गाडीत बसलो होतो. का, ते विचारू नका, आम्ही नेहमीच तसं बसतो. आईने पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या, उशी आणि सामान बाकाला बांधायचं साखळी-कुलूप घेतलं होतं.

"आई, दोन तासांचा रस्ता आहे."

"लेट झाली तर?"

बाबा हातात छोटी हातोडी घेऊन गाडीभोवती फिरले आणि चारही चाकांवर टणटण वाजवून पाहिलं. समोरच्या शर्मा चाची शाल गुंडाळून फाटकात उभ्या होत्या. "कोलते भैया, रेक लग गई? कौनसा प्लॅटफॉर्म?"

"एक नंबर, भाभीजी," बाबा गंभीरपणे म्हणाले आणि किल्ली फिरवली. त्या थंडीत, त्या घट्ट तेलात, खडखडाट नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालला. शर्मा चाचींचं कुत्रं भुंकत आत पळालं. मी पुन्हा बाबांकडे पाहिलं. "जाग येतेय," ते म्हणाले, पण या वेळी जरा हळू आवाजात.

रस्ता सांगते. झाशीहून कानपूर हायवे धरायचा, चिरगावपर्यंत सरळ जायचं आणि तिथून उजवीकडे वळून बेतवा ओलांडायची. हायवे उत्तम आहे, चौपदरी आहे. धुक्यातून मधूनच सरसोंची पिवळी शेतं दिसतात आणि नाहीशी होतात. पुढे पारीछाच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात, आधी फक्त टोकं आणि मग खालचं सगळं. मला विजेबद्दल मुलींना शिकवायचं होतं, त्यामुळे मी त्यांच्याकडे फार भारावून पाहत होते. आईने मला एक पुरी दिली. ती घेतली आणि भारावणं पुढे चालू ठेवलं.

पारीछापाशी चहाला थांबलो. चहा आल्याचा, समोसे ताजे, तिघांचं पोट वाजवी दरात भरतं. आम्ही उतरलो, पण बाबांनी इंजिन बंद केलं नाही. डिझेल लोको एकदा तापलं की उगीच बंद करत नाहीत, ते तासन्‌तास उभ्या उभ्या चालू राहतं. आमची गाडीही तशीच उभी राहिली, आतून टिकटिक-खडखड करत.

चहावाला म्हणाला, "चाचा, गाडी तो बंद कर लो. तेल फुंक रहो है."

"बंद कर दी और फिर चालू न हुई तो?"

चहावाल्याने गाडीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. इंजिन गरम झालं होतं आणि तरीही आवाज थांबला नव्हता. खोकला सकाळपुरता राहिला नव्हता.

"बाबा, इथून परत फिरू या."

"म्हणजे गाडी नापास?"

"नापास नाही. आजारी."

आई समोसा खात म्हणाली, "तुझ्या डोळ्यात खोली दिसतेय मला."

चिरगाव समोर दिसायला लागलं होतं तेव्हा ते झालं. आधी गाडीने दोन-तीन गचके दिले. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग येईना, नुसता घरघराट. बाबांनी कशीबशी कडेला घेतली आणि तिथे ती स्वतःच बंद पडली. इतकी शांतता झाली की आईने दचकून विचारलं, "कुठलं स्टेशन?"

बाबांनी किल्ली फिरवली. गिरगिर, गिरगिर, आणि आत काहीतरी टकटक वाजलं. पुन्हा फिरवली.

मी म्हणाले, "बाबा, आता सेल्फ मारू नका. चेन दात सोडून सरकली असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील. इंजिन कायमचं जाईल."

"एकदा बघतो फक्त."

"नको."

"तीस वर्षं इंजिनं सुरू केली मी, कांचन." आणि त्यांचा हात पुन्हा किल्लीकडे गेला.

मी मागून हात घातला आणि किल्ली काढून घेतली. आमच्या घरात बाबांच्या हातातून कुणी काही काढून घेतलेलं नाही. आई खाणं थांबवून पाहत राहिली. बाबा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड उभे राहिले. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. मी बरोबर होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. तरी ते बूट बघवत नव्हते.

हायवेवर गाडी बंद पडली की मदत आपोआप येते आणि सोबत निदानही आणते. एका ट्रॅक्टरवाल्याने प्लग सांगितला. मोटरसायकलवरच्या जोडप्यात नवऱ्याने बॅटरी सांगितली, बायकोने नजर. शेवटी चिरगावातून हल्के मिस्त्री आले. नाव हल्के, माणूस दारातून तिरका आत येईल असा. आवाजही तसाच. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, "पेट्रोल में पानी है."

"चेन है," मी म्हणाले.

"बिन्नू, चेन-वेन बाद में देखेंगे. पहले पानी."

इकडे मुलीला लाडाने बिन्नू म्हणतात. पाणी मात्र निघालं नाही. मग त्यांनी बॅटरीवर संशय घेतला. बॅटरी निर्दोष सुटली. मग त्यांनी तेलाची पट्टी ओढून काढली, बोटांवर तेल घेऊन ताणून पाहिलं आणि मोठ्याने ओरडले, "अरे जो का डारो है, चाचा? शीरा?"

"इंजिन ऑइल," बाबा ताठ आवाजात म्हणाले. "बढिया वाला. रेलवे में यही चलता था."

"तो रेल में डारो! इत्ती-सी गाडी है, जाडे का टाइम. जे ऊपर चढतई चढत दुपहर हो जाए."

त्यांनी वरचं झाकण उघडलं. टॉर्चच्या उजेडात आत ती दिसली, तेलात न्हालेली, दातांवर सैल पडलेली, बोटाने दाबली की हलणारी चेन. बाबा खूप वेळ वाकून पाहत राहिले.

"आहे की खरंच," ते म्हणाले. बस एवढंच.

हल्के मिस्त्रींनी सांगितलं की चेन, टेन्शनर, आतले गाइड सगळं बदलावं लागेल, सामान झाशीहून मागवायचं आणि आठवडा लागेल. आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा. थंड इंजिनाचा खडखडाट दिवसेंदिवस लांबत असेल तर थांबू नका, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच तेल घाला, आणि बंद पडलीच तर पुन्हापुन्हा सेल्फ न मारता ओढून न्या. आमचा खर्च माझ्या होणाऱ्या पहिल्या पगाराएवढा आला. इंजिन गेलं असतं तर गाडीच गेली असती.

गाडी दोराने ओढून मिस्त्रींच्या अंगणात नेली. आता नियमाने परत फिरायचं, कारण परीक्षेचा निकाल लागला होता. पण बाबा बस अड्ड्याकडे चालायला लागले.

"अहो, कुठे?" आई म्हणाली.

"टहरौली. निघालो होतो ना? टर्मिनेट करायचं नाही मध्येच."

खासगी बस मिळाली. खिडकीच्या काचा मनाला येईल तेव्हा उघडतात, मध्ये बेतवेचा पूल येतो आणि तिथे धुकं विरळ होऊन पाणी चमकतं. आईने सवयीने पिशवी सीटच्या पायाला साखळीने बांधली. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, इते कोऊ नईं चुरात." आई म्हणाली, "म्हणून तर बांधली, नाहीतर गेली असती."

टहरौली पाहून मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. बाजाराचा एक रस्ता, पुढे शेतं, आणि शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात काढलेला पृथ्वीचा गोल, ज्यात भारत जरा जास्तच मोठा. मुख्याध्यापिका बाईंनी प्रयोगशाळा दाखवली. एक कपाट होतं, आत परीक्षानळ्या नव्या कोऱ्या, कागदातसुद्धा. कुणी कधी उघडलेल्याच नव्हत्या. मी बाबांना दाखवल्या. त्यांनी एक उजेडात धरून पाहिली, पुसली आणि जपून परत ठेवली, शेडमधल्या नव्या सुट्या भागासारखी.

खोली शाळेमागेच होती, एकट्या राहणाऱ्या कुशवाहा अम्मांच्या घरी, वरच्या मजल्यावर. आईने नळ उघडून पाहिला, कडी ओढून पाहिली, अम्मांच्या स्वयंपाकघरात डोकावून डाळीला फोडणी कशाची आहे ते पाहिलं. मग ती खाटेवर बसली आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

"इथे काहीच ऐकू येत नाही गं," ती म्हणाली. "तुला झोप कशी लागेल?"

कुशवाहा अम्मा म्हणाल्या, "काए, बुरो लग रओ का?" आईला ते हिंदीत कसं सांगावं कळेना. मलाही नाही.

परत बसने चिरगाव आणि तिथून पॅसेंजरने झाशी. हो, गाडीने केलेला आमचा पहिला प्रवास रेल्वेत संपला. स्टेशनात पाय ठेवताच बाबांचा आवाज परतला. पॅसेंजर लेट होती, तरी त्यांना तिच्याबद्दल एक वाईट शब्द ऐकवला नाही. आईचं साखळी-कुलूप अखेर योग्य जागी लागलं. मी खिडकीशी बसले होते. पारीछाच्या चिमण्या आता दुसऱ्या बाजूने दिसत होत्या.

"कांचन," बाबा म्हणाले, "लाइनवर इंजिन फेल झालं की शेडमध्ये काय होतं माहीत आहे?"

"चौकशी."

"हो. ती व्हायची आहे अजून."

मला वाटलं, किल्लीबद्दल असेल.

आठवड्याने आम्ही तिघं पॅसेंजरने चिरगावला गाडी आणायला गेलो. हल्के मिस्त्रींनी जुनी चेन आणि जुळणी पाहायला आणलेली तशीच दुसरी नवी चेन, दोन्ही एका खिळ्याला शेजारी टांगून ठेवल्या होत्या. जुनी खाली लोंबत होती, उघड दिसेल इतकी लांब झालेली. बाबांनी आम्हाला तिच्यासमोर उभं केलं, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि चौकशी सुरू झाली. प्रश्न विचारणारे तेच आणि आरोपीही तेच.

"इंजिनात घट्ट तेल कुणी घातलं?"

"तुम्हीच," आई म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"आवाजाची सूचना आधी मिळाली होती?"

आई जरा घुटमळली. "मिळाली होती. रोज. मीच म्हटलं, नाटक करते."

"फेल झाल्यावर सेल्फ कुणी मारला?"

"तुम्ही. हिने किल्ली घेतली म्हणून थांबलात."

बाबांनी चष्मा काढला. "ड्रायव्हर जबाबदार. लाइनवरून खाली. पुन्हा शिकून पास होईपर्यंत गाडीला हात लावणार नाही."

म्हणजे रोज सोडणं-आणणं संपलं. मी जिंकले होते, मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. पण निकाल चुकीचा होता.

"बाबा, हे खरं नाही," मी म्हणाले. "इतक्या थोड्या दिवसांच्या तेलाने चेन एवढी लांबत नाही. ही घेतली तेव्हाच झिजलेली होती. खोकला बडा बाजारातूनच आला होता. तुमच्या तेलाने तो वाढवला, लावला नाही. सगळी जबाबदारी तुमची नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"जे खरं आहे त्याच्या."

हल्के मिस्त्री स्टुलावर बसून मनापासून ऐकत होते. "बिन्नू, चुप रहतीं तो मुकदमा जीत जातीं," ते म्हणाले. "चाचा, तुमाई मोडी सच्ची है. आधा माफ कर दो." अर्ध्या माफीत असं ठरलं, की त्या दिवशी गाडी मी चालवायची आणि बाबांनी शेजारी बसायचं. लायसन्स माझ्याकडे होतं, हायवेचा अनुभव नव्हता.

मी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली, तर कर्रर्र असा भयंकर आवाज आला आणि मिस्त्री अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "चालू है! चालू गाडी में सेल्फ मत मारो!" गाडी पहिली किल्ली फिरवली तेव्हाच सुरू झाली होती. नव्या चेनवर, पातळ तेलात, ती इतकी शांत चालत होती की मला कळलंच नाही. बाबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. "कंप आहे," ते म्हणाले. "थोडासा आहे." पहिल्या गतिरोधकापाशी त्यांना वाटलं बंद पडली आणि पुढच्या वळणावर मला वाटलं. त्या कर्रर्रचा मान मला आणखी दोनदा मिळाला. मागून आई म्हणाली, "बाप-लेक एकाच शेडमधले."

पारीछाला त्याच चहावाल्याकडे थांबलो. बाबा म्हणाले, "बंद कर." मी बंद केली. चहावाल्याने मान डोलावली.

चहा अर्धा झाल्यावर बाबा म्हणाले, "गाडी फिट आहे आता. तहाप्रमाणे पाहिलं तर पास."

हे मला माहीत होतं. ज्या गाडीसाठी मी चिरगावला भांडले, तीच आता मला रोज घरी परत आणायला समर्थ होती. घट्ट तेल नाही, खोकला नाही, सबब नाही. मी कप खाली ठेवला.

"बाबा, तह चुकीचा होता. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. गाडी पास झाली काय आणि नापास झाली काय, मला तिथेच राहायचं आहे. त्या परीक्षानळ्या रोज दुपारी टाकून यायच्या नाहीत मला. मुली शाळा सुटल्यावर येतील, तेव्हा मी तिथे असायला हवी."

बाबा चिमण्यांकडे पाहत होते. हायवेवरून ट्रकमागून ट्रक गेले. आम्ही सवयीने बोलणं थांबवलं, जसं घरी थांबवतो. ट्रक गेले आणि तरी बाबा पुढे काही बोलेनात. शेवटी त्यांनी कप उलटा करून शेवटचा थेंब सांडला.

"शनिवारी शाळा किती वाजता सुटते?"

"दुपारी."

"मी फाटकात उभा असेन. तेव्हा किल्ली काढून घ्यायची नाही."

आई म्हणाली, "आणि मी मागे. पुऱ्या घेऊन."

घरी परतल्यावर बाबांनी जुनी चेन दिवाणखान्यात, घड्याळाखाली टांगली. शेडमध्ये फेल झालेला भाग असाच सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. शर्मा चाचींना ती शोभेची वस्तू वाटली. कुठून घेतली म्हणून त्यांनी विचारलं. "चिरगाव," बाबा म्हणाले. या प्रवासातून आमच्या घरात राहिलेलं दिसणारं एवढंच. न दिसणारं असं, की आता किल्ली फिरवली की बाबा आधी कान देतात आणि मग माझ्याकडे पाहतात.

मधल्या काळात त्यांनी नगऱ्याच्या मैदानात माझ्याकडून पुन्हा शिकून घेतलं आणि स्वतःला पास केलं. मग गेल्या रविवारी त्यांनीच गाडी चालवून माझं सामान टहरौलीला आणलं. गादी, पुस्तकं, आईचं साखळी-कुलूप, कोरफडीचा तेलाचा डबा. आईने कुशवाहा अम्मांना फोडणीत हिंग किती घालायचं ते बजावलं. उन्हं कलायला लागली तशी दोघं निघाली. बाबांनी सीटवर बसून किल्ली फिरवली, मान तिरकी करून ऐकलं, आणि काच खाली केली.

"चालू आहे ना गं?"

मी बॉनेटवर हात ठेवला. हाताला बारीकशी थरथर लागत होती.

"चालू आहे, बाबा. जा तुम्ही."

लाल गाडी वळणापर्यंत दिसली. आवाज मात्र त्याआधीच संपला. मग मी जिना चढले आणि माझ्या खोलीचं कुलूप उघडलं.